हाती आलेले आणि उमगलेले

जिओकॅशिंग या खेळात 'मिस्टरी कॅश' नावाचा एक प्रकार असतो. नकाशावर त्याची खूण दिसते, अक्षांश-रेखांशही दिलेले असतात. पण त्या जागी जाऊन दगड उलथले, झाडाची ढोली चाचपली, तरी हाती काही लागत नाही. ते आकडे मुद्दाम चुकीचे दिलेले असतात. खरी डबी तिथून साधारण तीन किलोमीटरच्या आत कुठेतरी असते आणि तिची नेमकी जागा कळण्यासाठी आधी कोडे सोडवावे लागते. कोडे कधी सांकेतिक लिपीतले असते, कधी एखाद्या चित्रातल्या बारकाव्यांवर बेतलेले, तर कधी संगीताच्या स्वरलिपीत दडवलेले. ते सुटले की खरे आकडे मिळतात. मग माणूस घराबाहेर पडतो, पुलाच्या कठड्याखाली किंवा कुंपणाच्या पोकळ नळीत हात घालतो आणि डबी बाहेर काढतो. आत एक छोटी वही असते. तिच्यात नाव आणि तारीख लिहायची आणि डबी होती तशी परत ठेवायची.

हा खेळ नेमका केव्हा सुरू झाला तेही सांगता येते. जीपीएसच्या नागरी संकेतांत अमेरिकी सरकार मुद्दाम थोडी चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. २ मे २००० रोजी ही भेसळ बंद झाली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीक इथे एक बादली अर्धवट पुरली. तिच्यात पुस्तके, थोडे पैसे, एक गलोल असे काहीबाही ठेवले आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्या बादलीपासून वाढत गेलेल्या या खेळाच्या डब्या आज जगभर लाखोंनी लपवलेल्या आहेत.

मिस्टरी कॅशवरून या मंडळींत एक वाद कायम चालतो. कोडे एकाने रात्री जागून सोडवले आणि खरे आकडे मित्राला सांगितले. मित्र गेला, डबी काढली, वहीत सही केली. त्याला डबी 'सापडली' असे म्हणायचे का? खेळाचा नियम त्याच्या बाजूने आहे; वहीत सही असली की झाले, कोडे सोडवल्याचा पुरावा कोणी मागत नाही. तरीही अनेक जुन्या खेळाडूंना अशी सही खटकते. उलट काहींना वाटते, चार मैल चालून काट्याकुट्यात शिरून डबी काढली ती त्याने, मग सही दुसऱ्या कोणाची असणार?

वाद छोट्या डबीचा आहे, पण त्याच्या तळाशी असलेला प्रश्न फार जुना आहे. दुसऱ्याने दिलेले उत्तर आपले होऊ शकते का? हाच प्रश्न गुरूकडे जाणाऱ्या शिष्याचा आहे, पोथी वाचणाऱ्या भाविकाचाही. खेळात तो विचारण्याचा एक फायदा असा की तिथे श्रद्धेचा धूर मध्ये येत नाही. डबी असते किंवा नसते.

या प्रश्नाची सगळ्यात बोलकी कहाणी मात्र जिओकॅशिंगच्या आधीची, इंग्लंडमधली आहे. किट विल्यम्स या चित्रकाराने १९७९ मध्ये 'मास्करेड' नावाचे चित्रपुस्तक काढले. त्याने आपल्या हाताने अठरा कॅरट सोन्याचा एक रत्नजडित ससा घडवला होता. धातुशोधक यंत्राला थांग लागू नये म्हणून तो मातीच्या भाजलेल्या डबीत घातला आणि त्या ऑगस्टमध्ये, दूरचित्रवाणीवरचे प्रसिद्ध सूत्रसंचालक बॅम्बर गॅस्कॉइन यांना साक्षीला घेऊन, रात्रीच्या अंधारात पुरला. जागा कुठली, ते पुस्तकातल्या पंधरा चित्रांत लपवले होते. पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. लोकांनी देशभर खड्डे खणले, कोणाकोणाच्या बागा उकरल्या, आणि विल्यम्सच्या घरी पत्रांच्या गोण्या येऊ लागल्या.

कोड्याचा उलगडा असा होता. चित्रातल्या प्रत्येक प्राण्याच्या, माणसाच्या डाव्या डोळ्यापासून त्याच्या डाव्या हाताच्या सर्वांत लांब बोटावरून रेघ ओढायची. ती चौकटीतल्या एका अक्षरावर जाऊन थांबते. मग डावा डोळा आणि डाव्या पायाचा अंगठा, मग उजवी बाजू. अशी अक्षरे जुळवत गेले की प्रत्येक चित्रातून एखादा शब्द किंवा शब्दसमूह निघतो आणि शेवटी पूर्ण वाक्य तयार होते: विषुवदिनी भर दुपारी कॅथरीनचे लांब बोट जिथे सावली टाकते, तिथे पिवळा ताईत पुरला आहे. या शब्दांची आद्याक्षरे जोडली की गावाचे नाव येते, बेडफर्डशरमधले अ‍ॅम्प्टहिल. आठव्या हेन्रीने टाकून दिलेली राणी, अ‍ॅरगॉनची कॅथरीन, तिथल्या किल्ल्यात राहत होती. तिच्या स्मरणार्थ १७७३ मध्ये उभारलेला दगडी क्रूस त्या उद्यानात आहे. त्या क्रूसाच्या सावलीचे टोक विषुवदिनी माध्यान्हीला जिथे टेकते, तिथे ससा.

मार्च १९८२ मध्ये 'केन थॉमस' या नावाने एक पत्र आले. त्यात जागेचा ओबडधोबड नकाशा होता आणि तो बरोबर होता. ससा त्याला मिळाला. पण विल्यम्सच्या लगेच लक्षात आले की या माणसाने कोडे सोडवलेलेच नाही. जागा बरोबर, पण तिथवर नेणारी वाट त्याला माहीत नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत दोन भौतिकशास्त्राच्या शिक्षकांचे पत्र आले. त्यात डोळे, बोटे, अंगठे, आद्याक्षरे, विषुवदिन हे सगळे जिथल्या तिथे होते. पुढे कळले ते तर मनाला लागणारे आहे. त्या दोघांपैकी एकाने अ‍ॅम्प्टहिलला जाऊन योग्य जागी खणले होते. सशाची मातीची डबी बहुधा त्याच्या फावड्याने बाहेरही आली होती, पण मातीतल्या मातीत ती त्याला ओळखू आली नाही. त्याने उकरून टाकलेल्या ढिगाऱ्यातूनच ती दुसऱ्याच्या हाती लागली.

डिसेंबर १९८८ मध्ये 'द संडे टाइम्स'ने आणखी एक गोष्ट बाहेर आणली. 'केन थॉमस' हे नाव खोटे होते, आणि विल्यम्सबरोबर पूर्वी राहिलेल्या एका व्यक्तीकडून त्या माणसापर्यंत जागेचा सुगावा पोचला होता, असा त्या वृत्तपत्राचा आरोप होता. त्याच महिन्यात ससा लंडनला सदबीजच्या लिलावात ३१,९०० पौंडांना विकला गेला. विल्यम्स स्वतः बोली लावायला गेला होता. सहा हजार पौंडांपर्यंत टिकला आणि पुढे त्याला थांबावे लागले.

एकाच सशाभोवती दोन पक्ष उभे राहिले. एका पक्षाच्या हाती वस्तू होती, पण ज्ञान नव्हते. दुसऱ्यांकडे ज्ञान होते, वस्तू हातून निसटली. ससा कोणाला 'सापडला' म्हणायचा?

भारतीय तार्किकांनी हा पेच फार पूर्वी बारकाईने मांडला होता. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाने 'खंडनखंडखाद्य' या ग्रंथात न्यायमताची ज्ञानाची व्याख्या खोडून काढताना मुठीतल्या कवड्यांचे उदाहरण घेतले. एकाने मूठ मिटून विचारले, आत कवड्या किती? दुसऱ्याने अंदाजाने सांगितले, पाच. मूठ उघडली, खरोखर पाच निघाल्या. त्याची समजूत वस्तूशी तंतोतंत जुळते. म्हणून ते ज्ञान का? त्याच्याही आधी, आठव्या शतकात, धर्मोत्तर या बौद्ध पंडिताने अशीच परिस्थिती उभी केली होती. मांस भाजायला विस्तव पेटवला आहे, अजून धूर नाही, पण वासाने माश्यांचा थवा वर घोंघावतो आहे. दूरचा माणूस त्या थव्याला धूर समजतो आणि म्हणतो, तिथे विस्तव आहे. विस्तव असतोच. त्याचे म्हणणे खरे ठरते, पण ज्या कारणाने तो तसे म्हणतो ते कारण चुकीचे. १९६३ मध्ये एडमंड गेटिए यांनी जेमतेम तीन पानांच्या निबंधात हाच मुद्दा मांडला, तेव्हा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात खळबळ उडाली. बिमल कृष्ण मतिलाल यांच्यासारख्या अभ्यासकांनी नंतर दाखवून दिले की हे रान आपल्याकडे कैक शतके आधी तुडवले गेले होते.

'केन थॉमस' मुठीतल्या कवड्या बरोबर ओळखणाऱ्या माणसासारखा होता, असे म्हणावे तर ते पुरेसे नाही. आरोप खरा असेल तर त्याने अंदाज केला नव्हता, त्याला कोणीतरी सांगितले होते. इथे प्रश्न अवघड होतो. कारण सांगितलेली गोष्ट ज्ञान नाही, असे आपली परंपरा मुळीच म्हणत नाही.

न्यायदर्शनात प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द हे चौथे स्वतंत्र प्रमाण आहे. आप्ताचा शब्द ऐकून जे कळते ते ज्ञानच. आप्त म्हणजे वस्तू जशी आहे तशी जाणणारा आणि जशी जाणली तशीच सांगणारा. भाष्यकार वात्स्यायनांनी तर हेही स्पष्ट केले की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखेच लागू पडते. म्हणजे रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने 'नदी पलीकडे आहे' असे सांगितले आणि त्याला ती खरोखर माहीत असली, तर ऐकणाऱ्यालाही नदी कुठे आहे हे कळले. या न्यायाने मित्राकडून आकडे घेऊन डबीपर्यंत गेलेल्याला डबीची जागा माहीत होती, यात शंका नाही. त्याच्या सहीत खोटे काही नाही.

पण जागा माहीत असणे आणि कोडे उमगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेदान्त्यांनी त्यांतला फरक एका छोट्या गोष्टीतून तपासला. विद्यारण्यांच्या 'पंचदशी'त ती आहे, आणि गावोगावच्या कीर्तनांतूनही ती अनेकांनी ऐकलेली असते. दहा माणसे नदी ओलांडून पलीकडे येतात. सगळे सुखरूप आहेत का म्हणून एकेक जण मोजतो. प्रत्येक जण स्वतःला सोडून मोजतो आणि प्रत्येकाला नऊच भरतात. दहावा वाहून गेला म्हणून ते छाती पिटून रडू लागतात. तेवढ्यात एक वाटसरू येतो आणि मोजणाऱ्याला सांगतो, दहावा तूच. त्या एका वाक्याने शोक संपतो.

पुढे अद्वैत्यांमध्ये यावर मोठा वाद झाला. प्रकाशात्म्याच्या विवरण परंपरेचे म्हणणे असे की वाटसरूच्या शब्दानेच थेट, अपरोक्ष ज्ञान झाले. शब्दात ते सामर्थ्य आहे. वाचस्पती मिश्रांच्या भामती परंपरेचे म्हणणे वेगळे. शब्दाने फक्त परोक्ष ज्ञान होते. ऐकलेले मनात घोळवून, त्यावर दीर्घकाळ ध्यान करून संस्कारित झालेल्या मनालाच ते प्रत्यक्ष होते. शतकानुशतके चाललेला हा वाद मिस्टरी कॅशच्या वादाहून फार दूरचा नाही. उत्तर कानावर पडणे पुरेसे आहे, की ते पुन्हा स्वतः गाठावे लागते?

दहाव्याच्या गोष्टीत एक गोष्ट सहज नजरेआड होते. वाटसरूने सांगितलेले उत्तर ऐकणाऱ्याला तिथल्या तिथे पडताळता आले. त्याने पुन्हा मोजले असते तरी तेच निघाले असते, कारण दहावा दुसरीकडे कुठे नव्हता. सांगितलेले उत्तर ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या पाहण्याशी जोडले गेले, की ते त्याचे होते. जोडले गेले नाही, तर ते माणसाच्या मेंदूत नुसते अडकून राहते. 'केन थॉमस'च्या हातातल्या नकाशासारखे, ज्यात जागा आहे पण ती तीच का, याचा मागमूस नाही. म्हणून 'ज्याने सांगितले तो फसवणारा, ज्याने ऐकले तो आळशी' असा निकाल देता येत नाही. उसने उत्तर घेण्यात पाप नाही. ते उसने आहे हे दडवण्यात आहे, आणि ते घेऊन तिथेच थांबण्यात तोटा आहे.

महाराष्ट्राला तर या गोष्टीचा स्वतःचा अनुभव आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ अनेक शतके सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यांतली सकळ लिपी सर्वांत प्रसिद्ध. एका अक्षरासाठी दुसरेच अक्षर वापरून मजकूर लपवण्याची ती पद्धत. किल्ली महंतांकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांचे परिश्रम आणि पंथातल्या महंतांचे सहकार्य यांतून ही दारे उघडली आणि 'लीळाचरित्र' मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून सगळ्यांसमोर आला. आज कोणीही तो छापील रूपात वाचू शकतो. लिपी उलगडण्याचा त्रास न घेता वाचणाऱ्याला चक्रधरस्वामी कमी भेटतात का? अजिबात नाही. लिपी हे कुलूप होते. आतल्या लीळा समजून घेणे हे काम कुलूप उघडल्यानंतर सुरू होते, आणि ते प्रत्येक वाचकाला स्वतःच करावे लागते.

याच पंथाकडे 'स्थानपोथी' नावाचा एक विलक्षण ग्रंथ आहे. चक्रधरस्वामी कोणत्या गावी, कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूला बसले, कुठे निजले, कुठे जेवले, हे त्यात दिशांसकट नोंदवलेले आहे. त्या जागांवर ओटे बांधले गेले आणि भाविक आजही तिथे नमस्कार करायला जातात. पोथी जागा सांगते, ती शब्दाची कामगिरी. तिथवर चालत जाणे आणि त्या जागेपाशी मन लावणे मात्र पोथी करून देत नाही. डबी शोधणाऱ्याच्या आणि स्थानाला जाणाऱ्याच्या हेतूंत अंतर आहे, आणि ते पुसू नये. पण आकडे जिथे संपतात त्या दोन पावलांवर दोघेही सारख्याच अवस्थेत उभे असतात: जागा कळली आहे, पाहायचे अजून बाकी आहे.

छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात याच अवस्थेचे चित्र आहे. शेतात सोने पुरलेले आहे आणि ज्यांना शेताची माहिती नाही ते रोज त्याच्यावरून ये-जा करतात, तरी त्यांना ते मिळत नाही. तसे सगळे जीव रोज झोपेत ब्रह्माच्या जवळ जातात आणि न ओळखता परत येतात. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'विवेकचूडामणी'त हाच धनाचा दृष्टान्त पुढे नेला आहे. पुरलेले धन नुसते 'ये बाहेर' म्हटल्याने वर येत नाही. जाणत्याने सांगावे लागते, मग खणावे लागते, वरचे दगड-माती दूर करावी लागते, आणि मग ते उचलून घ्यावे लागते. या क्रमात आप्ताचा शब्द पहिला आहे. तो नाकारलेला नाही. पण तो एकटाही नाही.

त्या दोन शिक्षकांकडे पुन्हा पाहिले तर या श्लोकातला शेवटचा टप्पा किती महत्त्वाचा आहे ते कळते. त्यांना जाणत्याने सांगितले नव्हते. त्यांनी ते चित्रांतून स्वतः काढले. खणले, माती दूर केली, आणि वस्तू समोर असताना ती उचलली नाही. छांदोग्यातल्या माणसांना क्षेत्र माहीत नव्हते. या दोघांना ते पुरते माहीत होते, तरी तेही त्याच्यावरून चालून गेले. म्हणून ज्ञान म्हणजे केवळ योग्य तर्क, असेही म्हणता येत नाही. तरीही सशावर खरा हक्क कोणाचा होता, असे विचारले तर उत्तर द्यायला कचरण्याचे कारण नाही: त्या दोन शिक्षकांचा. विल्यम्सने पुस्तकातून जे सांगितले होते ते ऐकू गेले फक्त त्यांना. बक्षीस वस्तूसाठी ठेवलेले असते, पण कोडे घालणारा बोलत असतो तो सोडवणाऱ्याशी.

गणपतीची गोष्ट इथे आठवते. व्यासांनी महाभारत सांगायचे आणि गणपतीने न थांबता लिहायचे, अशी गणपतीची अट. त्यावर व्यासांची उलट अट अशी की अर्थ कळल्याशिवाय एकही अक्षर लिहायचे नाही. म्हणून व्यासांनी मध्येमध्ये कूटश्लोक पेरले, की त्यांवर गणपतीला क्षणभर थांबावे लागे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या चिकित्सित आवृत्तीत हा प्रसंग मूळ संहितेत घेतलेला नाही. तो परिशिष्टात गेला आहे. पण लोकमनाने तो जपला यामागे समज आहे. लेखनिकाला अर्थाची गरज नसते, ऐकलेले उतरवले की त्याचे काम होते. व्यासांना लेखनिक नको होता, समजून घेणारा हवा होता. साक्षात बुद्धीच्या देवतेलाही आयते उतरवून घेण्याची सवलत त्यांनी दिली नाही.

आपल्या काळात याची कसोटी अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, सीआयएच्या आवारात लागली आहे. शिल्पकार जिम सॅनबॉर्न यांचे 'क्रिप्टॉस' हे तांब्याच्या पत्र्याचे शिल्प १९९० मध्ये तिथे उभे राहिले. त्यावर अक्षरे कोरून काढलेली आहेत आणि त्यांत चार सांकेतिक मजकूर आहेत. दुसऱ्या मजकुरात चक्क त्याच परिसरातल्या एका जागेचे अक्षांश-रेखांश आहेत आणि तिथे काहीतरी पुरले असल्याची सूचना आहे. पहिले तीन भाग नव्वदच्या दशकात सुटले. सीआयएमधल्या डेव्हिड स्टाइन यांनी १९९८ मध्ये ते कागद-पेन्सिलीने, जवळजवळ चारशे तास खर्चून सोडवले. पुढच्या वर्षी जिम गिलोग्ली यांनी संगणकाच्या मदतीने. चौथा भाग, केवळ ९७ अक्षरांचा, पस्तीस वर्षे कोणालाच उलगडला नाही. मग २०२५ मध्ये दोन लेखकांना तो मजकूर मिळाला. तोही सांकेतिक अक्षरांतून नव्हे: सॅनबॉर्न यांनी स्मिथसोनियन संस्थेला दिलेल्या जुन्या कागदपत्रांत उत्तर चुकून राहून गेले होते. त्या दोघांनी ते सॅनबॉर्न यांना कळवले आणि आपण कोडे सोडवले असा दावा केला नाही. 'केन थॉमस' आणि हे दोघे यांच्यात फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे. कागदपत्रांचा तो भाग संस्थेने बंद केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सॅनबॉर्न यांनी उत्तर लिलावात काढले आणि ते नऊ लाख डॉलरांहून अधिक रकमेला विकले गेले.

तरीही तांब्यातली ९७ अक्षरे होती तशीच आहेत आणि त्यांची प्रत कोणालाही मिळते. सॅनबॉर्न यांनी वर्षानुवर्षांत दिलेल्या सूचनांमुळे त्यांपैकी २४ अक्षरांचा अर्थ जाहीर आहे. त्यांतून बर्लिन, क्लॉक, ईस्ट आणि नॉर्थईस्ट हे शब्द निघतात. उरलेली ७३ अक्षरे त्यांच्यापासून सुरुवात करून कोणीही स्वतः सोडवायला घेऊ शकतो, आणि ज्याला या विषयाची ओढ आहे त्याने ती जरूर घ्यावीत.